मौनाला चालेल असा कॉम्प्युटर

सासूबाईंचा नेम अगदी साधा होता. पहाटे उठायचं, अंघोळ करून देवापाशी दिवा लावायचा आणि तो दिवा आपणहून शांत होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मधे वात सारायची नाही, दिव्याला घाई करायची नाही. दिव्यात तेल घालायचं काम सासऱ्यांकडे होतं. "बायकोला किती वेळ गप्प ठेवायचं ते माझ्या हातात आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि सासूबाई दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसत.

अशा घरात सून आली, आणि तिचं काम होतं कॉम्प्युटरवर गेम खेळायचं.

म्हणजे तसं ते नुसतं खेळणं नव्हतं. एक कंपनी गेम बनवायची आणि ते बाजारात जायच्या आधी त्यातल्या चुका ही शोधून द्यायची. भिंतीतून आरपार निघून जाणारा सैनिक, पाण्यावरून दौडत जाणारा घोडा, एकदा उघडलं की मिटतच नाही असं दार.

"थोडक्यात, हिला चुका काढायचा पगार मिळतो," मुलाने घरी सांगितलं.

"कमाल आहे," सासरे म्हणाले. "आपल्या नात्यातल्या बायका हे काम आयुष्यभर फुकट करत आल्या."

सासूबाईंना मात्र सुनेचं काम मनापासून आवडलं. संध्याकाळी दोघी भाजी निवडायला बसल्या की सून त्या दिवशीच्या गेममधली गोष्ट सांगायची. कुठला राजा, कुठला किल्ला, कुणी कुणाला दगा दिला. सासूबाई हातातली शेंग तशीच धरून विचारायच्या, "मग तो घोडा बुडाला का गं?" त्यांचा आवाज मुळातच हळू. घरातली दोघं पुरुषमाणसं त्यांच्या प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणायची. सुनेला त्यांचं वाक्य दुसऱ्यांदा कधी विचारावं लागलं नाही. सासूबाईंना हे कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही नसतं, पण आपलं बोलणं एका फटक्यात ऐकून घेणारं माणूस घरात आलंय, याचा त्यांना फार आनंद झाला होता.

आणि आता तेच माणूस घरातून जायच्या बेतात होतं.

झालं असं, की कंपनीची बाकीची माणसं जगाच्या दुसऱ्या टोकाला. त्यांचा दिवस संपायच्या आत गाठायचं तर सुनेने पहाटे कामाला बसायला हवं. कंपनीने तिला दोन वाटा दिल्या होत्या. दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात या, राहायला जागा देतो, तिथे कॉम्प्युटर तयार आहे. नाहीतर घरून करा, आमच्या कामाला पुरेल असा दणकट कॉम्प्युटर तुमच्या पसंतीने जुळवून घ्या, खर्च आमचा. पण तो कामाचा भार पेलतो का, ते चाचणीत दिसलं पाहिजे.

सुनेला घरीच राहायचं होतं. म्हणून तिने एका मैत्रिणीचा जुना, अवजड कॉम्प्युटर आणला आणि एका पहाटे चालवून पाहिला. तिची खोली आणि देवाची खोली यांच्यामध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. कॉम्प्युटर सुरू झाला तसा पिठाची गिरणी लागावी तसा घर्रर्र आवाज घरभर सुटला. पलीकडे सासूबाई दिव्यासमोर बसल्या होत्या. त्यांना वाटलं, आपण इथे आहोत म्हणून पोरीला अवघडल्यासारखं होईल. त्यांनी आसन काखेत मारलं, दिवा हातात घेतला आणि अलगद स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

सून पाणी प्यायला आली तर ही गॅसची शेगडी, हे भांडी घासायचं सिंक आणि दोहोंच्या मधे दिवा घेऊन डोळे मिटून बसलेल्या सासूबाई! सासूबाईंनी डोळे उघडून मानेने "तुझं चालू दे" असं सांगितलं. सुनेने ते "चालू दे बापडी, काय करणार" असं वाचलं. मौनाची हीच एक अडचण. ते पाळणाऱ्याला फार स्पष्ट असतं, समोरच्याला नाही.

दिवा शांत होईपर्यंत कॉम्प्युटर मैत्रिणीकडे परत गेला होता, आणि फळ्यांपलीकडून सुनेचा आवाज येत होता, "आपण तिकडे ऑफिसच्या गावीच जाऊ. माझ्यापायी आईंना स्वतःच्या घरात सिंकपाशी बसावं लागतंय."

सासूबाई लगबगीने दाराशी गेल्या. 'अगं वेडे, मी तुझ्यासाठी उठले,' असं म्हणायचं होतं. 'जाऊ नकोस,' असं म्हणायचं होतं. सुनेने वर पाहिलं आणि सासूबाई म्हणाल्या, "चहा घेतेस?"

त्या तशाच होत्या. मनातलं ओठांपर्यंत यायचं आणि तिथे चहा व्हायचं.

तोडगा मुलाने काढला. "कॉम्प्युटर असतो म्हणजे आवाज असतोच, असं कुणी सांगितलं? एकेक भाग बघून, ऐकून घ्यायचा. आणि ऐकायला आई येईल. दूध उतू जायच्या आधी हिला ते शेजारच्या खोलीतून कळतं. हिच्या कानातून जो पंखा पास होईल तो घरात येईल."

"आईंना कशाला त्रास?" सून म्हणाली.

"त्रास कसला," सासूबाई म्हणाल्या, आणि या वेळी चहाचं नाव काढलं नाही.

ठरलेल्या दिवशी मुलाला सुट्टी होती. दुकान सकाळी रिकामं असतं, तेव्हाच दुकानवाल्या ताई एकेक वस्तू चालवून दाखवतात, असं सुनेने सांगितलं होतं. पण सासरे पहाटे तेल घालताना क्रिकेटबद्दल बोलत राहिले आणि दिवा काठोकाठ भरला. निघायची वेळ झाली तरी ज्योत आपली टवटवीत.

"अगं, तू जा," सासरे म्हणाले. "मी इथे दिव्यापाशी बसून राहतो. शांत झाला की फोन करतो. तोवर नुसतं ऐकायचंच तर आहे. ऐकायला तोंड लागत नाही."

सासूबाईंनी देवाकडे पाहिलं. देवाची काही हरकत दिसली नाही. त्या निघाल्या.

दुकान म्हणजे एक अरुंद, लांबलचक खोली. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी आणि मधोमध रबराची चटई अंथरलेलं टेबल. ताई धिप्पाड होत्या. अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचलेला, चष्मा कपाळावर, आवाज असा की खोक्यांच्या पलीकडच्यालाही बोलावणं जावं.

"या! काय जुळवायचंय?"

सुनेने सांगायला सुरुवात केली आणि तिचा चेहराच बदलला. घरात हळू, जपून बोलणारी ती पोर इथे ताईंच्या तोडीस तोड बोलू लागली. प्रोसेसर कुठला, तो मदरबोर्डवर बसेल का, रॅम किती आणि कशी जोडीने. मुलगा कौतुकाने बायकोकडे बघत उभा राहिला. त्याला त्यातलं जेवढं कळत होतं तेवढंच त्याच्या आईला कळत होतं.

"पण एक अट आहे ताई," सून शेवटी म्हणाली. "ताकद सगळी हवी आणि आवाज अजिबात नको."

"म्हणजे पैलवान हवा आणि तो घोरायला नको!" ताई हसल्या. मग त्यांची नजर सासूबाईंवर गेली. "ह्या?"

"आवाज ह्याच पास करणार," मुलगा गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

ताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पांढरे केस, शांत चेहरा, बोलणं नाही, हसणं बेताचं. ताईंना वाटलं, हे काहीतरी मोठं प्रकरण दिसतंय. त्यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली.

पहिला पंखा लागला. सासूबाईंनी कान पुढे केला. वाऱ्याच्या आवाजाखाली बारीकशी टिकटिक होती, पालीने चुकचुकावं तशी. त्यांनी मान हलवली. नाही.

"बरोबर," ताई म्हणाल्या, "हा मीपण माझ्या घरी लावणार नाही." आणि त्यांनी तो खोक्यात ढकलला.

दुसरा आला. नाही. तिसरा आला. सासूबाईंनी डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं आणि ताईंनी पुढे केलेला चहा नको म्हणून मान हलवली. ताईंनी तिसराही उचलून ठेवला.

"अहो, तो चांगला होता," सून दबक्या आवाजात नवऱ्याला म्हणाली.

"गप गं, मजा बघ," मुलगा म्हणाला.

मग ताईंनी पाण्याने प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर लावला. नळ्यांमधून पाणी फिरणार, रंगीत दिवे लुकलुकणार. सून पुढे झुकून बघत राहिली. सासूबाईंना पंखे फार गोड वाटले, पण त्यांच्या मागे कुठेतरी एक भुंगा कोंडला होता. त्यांनी बोटाने मधल्या गोल डब्याकडे दाखवलं आणि कानाला हात लावला.

ताई थक्क. "पंप ऐकू आला ह्यांना? लोक घरी नेऊन महिनोन् महिने वापरतात, तरी ऐकू येत नाही!" त्या मुलाच्या कानाशी लागल्या, "कुठल्या कंपनीत आहेत?"

"आमच्याच," मुलगा म्हणाला. "सर्वोच्च पदावर."

शेवटी वाऱ्यावर चालणारा, विटांचा जुडगा दिसावा असा जाडजूड कूलर पास झाला. त्याचे पंखे मोठे आणि संथ. सासूबाईंनी तो ऐकला आणि त्यांचे खांदे सैल पडले. झोपलेल्या बाळाच्या श्वासाएवढा आवाज. पॉवर सप्लाय घेताना ताई म्हणाल्या, "गरजेपेक्षा मोठा घ्या. अंगात ताकद शिल्लक असली की त्याचा पंखा फिरतच नाही, गुमान पडून राहतो." हे सासूबाईंना इतकं पटलं की त्यांनी तीनतीनदा मान डोलावली. ग्राफिक्स कार्ड सर्वांत महाग आणि सर्वांत तापट. त्यावर सून म्हणाली, "ह्याला मी थोडा लगाम घालून चालवीन. वेग नावापुरता कमी होतो, ताप बराच उतरतो."

"हे संसारालाही लागू आहे," मुलगा पुटपुटला आणि बायकोची कोपरखळी खाल्ली.

राहिलं कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसायचं ती पेटी. भिंतीशी एक काचेची पेटी होती, दोन बाजूंनी आरपार, माशांच्या टाकीसारखी. आतले पंखे निळे, जांभळे, सोनेरी होत होते. सून बोलता बोलता तिच्यापाशी गेली आणि तिने काचेवर तळवा टेकला. लहान मुलं मिठाईच्या दुकानाबाहेर टेकतात तसा. मग हात काढून म्हणाली, "ताई, तो काळा बंद डबा द्या. आतून फोम लावलेला. आवाज अडवेल."

काचेवर तिच्या तळव्याचा ठसा राहिला होता. तो हळूहळू विरताना सासूबाईंनी पाहिला. बोलायचं होतं, आणि दिवा तिकडे घरी जळत होता. त्यांनी सुनेची बाही ओढली. काचेकडे बोट केलं.

"नको आई. ती नुसती हौस."

पुन्हा ओढली.

"अहो, खरंच नको."

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला आणि फोन कानाला लावायच्या आधीच सासऱ्यांचा आवाज दुकानभर घुमला, "झाला! शांत झाला!"

ताईंच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडला. "अरे देवा! कोण?"

"दिवा," मुलगा म्हणाला.

सासूबाईंनी हात जोडले आणि मग इतका वेळ साठलेलं एकदम बाहेर पडलं. "ताई, मला यातलं काहीसुद्धा कळत नाही. माझं सकाळचं मौन होतं. तिसरा पंखा छान होता, मी चहाला नको म्हणत होते. आणि त्या काचेच्या पेटीत हे सगळं बसवून आवाज वाढणार नाही असं काही होईल का?"

ताई अशा हसल्या की टेबलावरचे स्क्रू थरथरले. "मावशी! मी घाबरून तुम्हाला गोदामातला माल काढून दाखवला!"

"आई, नको ना," सून म्हणाली, पण तिचे डोळे काचेकडे गेलेच.

"मी नुसतं विचारतेय गं."

"होईल," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "काचेतून वारा येत नाही, म्हणून ही पेटी खालून वारा ओढते आणि वरून सोडते. मावशींनी पास केलेला तिसरा पंखाच खाली लावू, तीन एका ओळीत. मोठे पंखे, हळू फिरणारे. तेवढी खालची जागा मोकळी ठेवा म्हणजे झालं."

हे शेवटचं वाक्य सुनेने ऐकलं. सासूबाईंनी ऐकलं नाही. त्या रुमालाने काचेवरचा हाताचा ठसा पुसत होत्या, आणि आतला पंखा निळ्याचा सोनेरी होताना बघत होत्या.

घरी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर जुळवला गेला. सुनेने प्रोसेसर बसवला, त्यावर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा थेंब ठेवला. सासरे वाटीत स्क्रू घेऊन उभे राहिले आणि मागितला एक की दुसराच देत राहिले. सासूबाईंनी वायरी बाजूला धरल्या. सून प्रत्येक वायर मागच्या बाजूला नेऊन अशी बांधत होती की काचेतून एकही लोंबती दिसू नये. "वेणी घालावी तशी घालतेस," सासूबाई म्हणाल्या. मुलाने फोटो काढले, कारण त्याला दुसरं काही करू दिलं नव्हतं.

शेवटी बटण दाबलं. सगळ्यांनी श्वास रोखला. काहीच ऐकू आलं नाही.

"बिघडला," सासरे म्हणाले.

"बाबा, चालू आहे!" सून ओरडली. काचेत तिन्ही पंखे सोनेरी होऊन सावकाश फिरत होते. सासऱ्यांनी वाकून कान लावला, मग बायकोकडे वळून म्हणाले, "अगदी तुझ्यावर गेलाय."

कॉम्प्युटर खोलीत, टेबलाखाली एका ठेंगण्या लाकडी बाकड्यावर बसवला गेला. कंपनीची चाचणी दुसऱ्या पहाटे होती. सर्वांत जड गेम चालवून दाखवायचा, साहेबबाई पलीकडून फोनवर असणार, आणि चाचणी संपताच सुनेने सांगायचं होतं, घरून करणार की तिकडे येणार.

संध्याकाळी मुलगा आणि सून बाहेर गेली होती. सासूबाई देवाच्या खोलीत बसल्या आणि पलीकडे सुनेने सुरूच ठेवलेल्या कॉम्प्युटरकडे कान दिला. आवाज नव्हता. जवळजवळ नव्हता. फळीला कान टेकवला की मात्र बाकड्यातून आलेली एक कणभर थरथर लागत होती. फळीला कान टेकवून कोण जप करतं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. उद्याची पहाट होती. एक कणसुद्धा राहायला नको होता.

त्यांच्याकडे लोकरीच्या आसनांची जोडी होती. एक रोजचं, दुसरं तसंच, चांगल्या प्रसंगासाठी राखलेलं, जाड, मऊ, गडद तपकिरी. त्यावर त्यांनी आजवर कुणाला बसू दिलं नव्हतं, सासऱ्यांना तर नाहीच. सासूबाईंनी ते कपाटातून काढलं, झटकलं, चौघडी केली.

"अहो, जरा हे उचलून धरता का?"

"काय?"

"हे. उचलून. धरता का?"

सासऱ्यांनी कण्हत पेटी उचलली आणि सासूबाईंनी खाली आसन सारलं. पेटी त्यात अशी रुतून बसली जशी कोंबडी अंड्यांवर. सासूबाईंनी जाऊन फळीला पुन्हा कान लावला. थरथर गेली. मनासारखं झालं. त्यांनी कॉम्प्युटरला हलकेच थोपटलं, तोही बिचारा कामाच्या आधी नीट बसला पाहिजे, आणि दिव्याची वात वळायला गेल्या. मुलं आली तेव्हा सुनेला उद्याच्या काळजीत टेबलाखाली वाकून बघायचं काही सुचलं नाही.

पहाटे दिवा लागला. पलीकडे सुनेने कानावर हेडफोन चढवले. सासूबाईंनी माळ हातात घेतली आणि त्यांना पलीकडून फक्त कीबोर्डची टिकटिक ऐकू आली. सुंदर.

मग एक श्वास ऐकू आला. मग जरा मोठा. मग कुणी जिना चढून आल्यासारखा. बघता बघता पंख्यांनी असा सूर धरला की फळ्यांवरचं कॅलेंडर हलायला लागलं.

पलीकडून सुनेचा ताणलेला आवाज आला, "हो, मला दिसतंय. कार्ड तापतंय. नाही, काल असं नव्हतं. मी लगाम आणखी आवळून बघते." मग जरा वेळाने, अगदी हळू, "बहुतेक ती काचेची पेटी घ्यायलाच नको होती. चूक माझी आहे."

सासूबाईंच्या बोटांतला मणी थांबला.

त्यांनी डोळे मिटले आणि त्या आवाजाकडे नीट कान दिला. हे त्या पंख्यांचं बोलणं नव्हतं. दुकानात ते मोकळ्या गळ्याने फिरत होते, आणि हा तर नाकातोंडावर पांघरूण घेऊन धापा टाकल्याचा आवाज. पांघरूण! त्यांना एकदम ताईंचा हात आठवला, "खालून वारा ओढते" म्हणताना तळव्याने खालून वर केलेला. आणि मग आठवली चौघडी.

त्या अशा उठल्या की माळ मांडीवरून खाली गेली.

दार उघडलं तशी सून दचकली. हेडफोन ओढत म्हणाली, "सॉरी आई, तुमचा जप... मी बंद करते, आत्ता बंद करते." आणि तिचा हात बटणाकडे गेला. ते बटण दाबलं की चाचणी संपली, आणि चाचणी संपली की उत्तर ठरलं.

सासूबाईंनी तिचा हात धरला. मान हलवली. नाही, नाही, नाही. मग गुडघ्यांवर बसल्या, सरळ टेबलाखाली शिरल्या आणि आसनाचं टोक दोन्ही हातांनी ओढू लागल्या. ते हलेना.

"आई! काय करताय?" सून खाली वाकली, आणि तिला गडद तपकिरी लोकर दिसली. ती टोकाशी विणलेली पांढरी नक्षी. कपाटातलं ते आसन, ज्यावर घरात कुणी बसायचं नाही.

तिने एकदा आसनाकडे पाहिलं, एकदा टेबलाखालून वर बघणाऱ्या, केसांना कोळिष्टक लागलेल्या सासूबाईंकडे. सासूबाईंनी दोन्ही हात जोडून कानावर ठेवले, झोपेची खूण केली, मग कपाळावर हात मारून घेतला. ही खूण मात्र सुनेने बरोबर वाचली.

"तुम्ही ह्याला हे दिलंत?" ती म्हणाली. "आवाज होऊ नये म्हणून? मला इथे काम करता यावं म्हणून?"

सासूबाईंनी मान डोलावली. हो. आणि मग दाराकडे बोट करून, सुनेकडे बोट करून, जोरजोरात नाही. जायचं नाही. चहा करायची सोय नव्हती, त्यामुळे या वेळी मनातलं तसंच्या तसं पोचलं.

सुनेने वाकून पेटी दोन्ही हातांनी उचलून धरली, चालूच्या चालू, आणि सासूबाईंनी आसन खस्सकन ओढून काढलं. त्या आसनासकट मागच्या मागे बसल्या. खालून वारा आत शिरला. पंख्यांनी एक लांब उसासा सोडला, मग अर्धा, मग काहीच नाही.

हेडफोन टेबलावर पडले होते. त्यातून बारीक आवाज येत होता, "हॅलो? काय झालं? तापमान एकदम उतरलं. काय केलंत?"

सुनेने हेडफोन उचलला. तिला हसू आवरत नव्हतं. "काही नाही, माझ्या सासूबाई आल्या होत्या. हो, त्याच. आवाज पास करणाऱ्या." मग तिने जमिनीवर आसनाला कवटाळून बसलेल्या सासूबाईंकडे पाहत सांगितलं, "माझं ठरलंय. मी घरूनच करणार. चाचणी पुढे चालू करू या?"

आता काय सांगावं! सासूबाईंच्या पोटात एवढा मोठा आनंद, आणि तोंड बंद. त्यांना हसू फुटलं. त्यांनी तोंडावर हात दाबला, तर ते डोळ्यांतून बाहेर आलं. सूनही हसायला लागली. हसणं हे बोलण्यात धरायचं का, असा प्रश्न सासूबाईंच्या मनात येऊन गेला, पण दिव्याकडे डोकावून पाहिलं तर ज्योत खुशाल डोलत होती, म्हणजे धरत नसावेत.

त्यांनी आसन उचललं, झटकलं आणि सुनेच्या खुर्चीवर पसरलं. सुनेने जीभ चावली. "अहो, ह्यावर मी?" सासूबाईंनी तिला खांद्याला धरून बसवलंच. मग जाऊन दिव्यासमोर बसल्या आणि जमिनीवरची माळ उचलली. फळ्यांच्या अलीकडे मणी सरकत होते, पलीकडे बटणं वाजत होती, आणि दोन्हींच्या मधे दुसरा काहीच आवाज नव्हता.

उजाडल्यावर मुलगा डोळे चोळत उठून आला. सासरे दिव्यापाशी वाकून पाहत होते. आज तेल त्यांनी फारच बेताने घातलं होतं.

"झाला शांत," ते म्हणाले. "बोल आता."

सगळे वाट बघत उभे राहिले. सून दारात, खांद्यावर हेडफोन.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, आणि घरात कुणालाच "काय?" म्हणावं लागलं नाही, इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "एवढं सगळं झालं, पण तुझा तो गेममधला घोडा बुडाला की वाचला, ते सांगितलंच नाहीस!"

"वाचला, आई," सून म्हणाली. "या, दाखवते."

सासूबाई आत गेल्या. सुनेने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, आसनावर, आणि स्वतः शेजारी उभी राहून कळा दाबू लागली. काचेत पंखे सोनेरी होऊन फिरत होते. पडद्यावर एक घोडा पाण्यावरून दौडत निघाला होता.

"ही चूक आहे ना गं?" सासूबाईंनी विचारलं. "तुला काढावी लागेल?"

"लागेल."

"मग आजचा दिवस राहू दे," सासूबाई हळूच म्हणाल्या. "उद्या काढ. उद्या तू इथेच आहेस."